डब्यावरची खूण

हॉटेलातून मागवलेल्या जेवणाबरोबर आलेला प्लास्टिकचा डबा टाकवत नाही, आणि ठेवला तर त्याचे करायचे काय हेही सुचत नाही. वाकड, पिंपळे सौदागर, मोशीच्या सोसायट्यांत ओट्याखाली असे डबे एकात एक घालून ठेवलेले सापडतात. झाकणे भलतीकडेच असतात, आणि बाजूच्या खणात पाकीटबंद चमचे, काटे, सॉसच्या पुड्या साठत जातात. मग दिवाळीच्या आवराआवरीत प्रश्न निघतो, हे कुणाला तरी देऊन टाकावे का? अन्नदान करणाऱ्या मंडळाला, वारीतल्या एखाद्या दिंडीला, नाहीतर घरकामाच्या मावशींना? प्रश्न चांगल्या मनाने विचारलेला असतो, त्यामुळे त्याची टिंगल करायचे कारण नाही. पण तो चुकीच्या टोकाला धरून विचारला जातो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यातल्या माणसांनी गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत डबे, थाळ्या, बाटल्या, बारदाने आणि क्रेट यांची अफाट ने-आण केली आहे. ती पाहिली तर भांडे पुन्हा वापरात येण्यासाठी दोन गोष्टी लागल्याचे दिसते: भांड्यावर मालकाची खूण, आणि ते परत आणल्याबद्दल कुणाच्या तरी पदरात काही पडणे. वापरणाऱ्याचा चांगुलपणा त्यानंतर, बऱ्याच अंतराने येतो.

कारखाने येण्याआधी हवेली, मावळ आणि खेड तालुक्यांतल्या गावांत जेवणावळीची भांडी दोन जातींची असत. पळसाच्या पानांची पत्रावळ आणि द्रोण एकदा वापरून उकिरड्यावर जात. काही गुरे खात, उरलेल्याचे खत होई. तांब्या-पितळेची भांडी मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत, आणि फुटली तरी मोडीत वजनावर पैसे देत. पानाच्या भावाने मिळणारी आणि धातूइतकी चिवट अशी तिसरी जात त्या जगात नव्हती. लग्नकार्याला पातेली, पराती, हंडे शेजारपाजारहून गोळा करावे लागत, म्हणून भांड्यांवर ठोकून नाव घातलेले असे. नुसते नाव नव्हे, कुणी कुणाला कोणत्या कार्यात दिले आणि कोणत्या साली, इतका मजकूर परातीच्या काठावर मावत असे. मांडव उतरला की नावे वाचून भांडी घरोघर पोचती होत. बिननावाचे पातेले चुलीमागे राहून जाई आणि त्यावरून पुढे वर्षभर धुसफूस चाले. पुढे स्टील आले तेव्हा ते पुष्कळ घरांत बोहारणीच्या पाटीतून आले: तिला जुन्या साड्या, विजारी द्यायच्या, तिने त्या उलटून-पालटून पाहायच्या, एक पातेले पुढे सरकवायचे आणि ‘आणखी एक साडी काढा’ म्हणायचे. त्या घासाघिशीत पर्यावरणाचा विचार कुणाच्याच मनात नव्हता. जुन्याला भाव होता, एवढेच. चाकणच्या कांदा-बटाट्याच्या बाजारातही मालाइतकेच लक्ष बारदानाकडे असे. रिकामे पोते झटकून, फाटलेले शिवून पुन्हा गाळ्यावर येई, कारण त्याचा हिशेब कांद्याच्या हिशेबाबाहेर, वेगळा मांडला जाई.

याच मुलखाने मुंबईला डबेवाले दिले. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास मुंबईत डबे पोचवण्याचे काम सुरू केले असे सांगितले जाते, आणि आजही या धंद्यातली माणसे प्रामुख्याने खेड, मावळ, मुळशी, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतली आहेत. चाकण खेड तालुक्यातच येते. त्यांच्या अचूकपणाचे कौतुक इतके झाले आहे की व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत त्याचे पाठ घेतले जातात, आणि २००३ मध्ये मुंबईत आलेल्या राजपुत्र चार्ल्स यांनी त्यांची मुद्दाम भेट घेतली. त्या कौतुकात एक गोष्ट सहसा राहून जाते. त्यांचे निम्मे काम रिकाम्या डब्यांचे आहे. दुपारी जेवण कचेरीत पोचले की फेरी संपत नाही; तोच डबा उलट्या वाटेने, त्याच गाड्यांनी, संध्याकाळच्या आत त्याच घरी जावा लागतो. तो गेला नाही तर उद्याचे जेवण भरायला घरात डबा नसतो. म्हणून पूर्वी रंगीत दोरे, पुढे झाकणावर रंगाने काढलेली अक्षरे आणि आकडे अशी खूण आली: कुठल्या स्टेशनात उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, आणि परतताना कुठे सोडायचा. महिन्याच्या पैशांत दोन्ही फेऱ्या धरलेल्या असतात. रिकामा डबा नेण्याचे वेगळे बिल कुणी करत नाही, आणि तो नेला म्हणून कुणी आभारही मानत नाही.

पट्ट्यातच पहिला मोठा सरकारी कारखाना आला तो मात्र वेगळी शिकवण घेऊन. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने, पेनिसिलिन देशात बनावे म्हणून. पेनिसिलिनची ती लहानशी काचेची कुपी, वर रबरी बूच, त्यावर ॲल्युमिनियमची टोपी, हे या भागात तयार होणारे बहुधा पहिले असे भांडे, की जे एकदाच वापरायचे यातच ज्याचा सगळा उपयोग होता. त्या काळात दवाखान्यात जाताना लोक औषधासाठी घरूनच बाटली नेत. कंपाउंडर तिच्यात मिक्श्चर ओतून बाहेरून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवी, एक खाच म्हणजे एक डोस. इंजेक्शनच्या कुपीला ही रीत लावली असती तर माणसे दगावली असती. एकदाच वापरून टाकायच्या वस्तूला सरसकट आळस किंवा उधळपट्टी म्हणणाऱ्यांनी ही कुपी आठवावी. स्वच्छतेचा मुद्दा खरा आहे, तो या पट्ट्यात आधी औषधातून आला, आणि पुढे जेवणाच्या बाबतीत नको तितका ताणला गेला.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच दशकात टेल्को आणि बजाज आले, १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. या काळातले जेवणाचे मुख्य भांडे म्हणजे कॅंटीनची स्टीलची कप्प्यांची थाळी. ती कंपन्यांच्या उदारपणातून आली नव्हती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे ४६ वे कलम सांगत असे की अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे कॅंटीन चालवायला सरकार भाग पाडू शकते, आणि ते कसे चालवायचे, कोणती भांडी ठेवायची, याचे नियम राज्याने करायचे. थाळी कंपनीची, धुणारा माणूस पगारी, आणि थाळी फाटकाबाहेर जाण्याचा प्रश्नच नाही. जेवून उठलेला कामगार ती खिडकीतून आत सरकवी आणि पुढच्या शिफ्टला तीच थाळी दुसऱ्यासमोर येई. तीस-चाळीस वर्षे लाखो जेवणे अशी झाली, आणि त्याला कुणी मोहीम म्हटले नाही.

मग ही घडी विस्कटली कशी? जागरूकता कमी झाली, लोक चैनी झाले, हे नेहमीचे उत्तर मला पटत नाही. कामगारच थाळीच्या आवाक्याबाहेर गेला. भोसरीतल्या लहान वर्कशॉपांत दहा-वीस माणसे काम करतात; तिथे अडीचशेचा नियम पोचलाच नाही. कंत्राटी कामगारांसाठी १९७० च्या कायद्याने एका कंत्राटदाराकडे शंभर माणसे असली तर कॅंटीनची तरतूद केली, पण कंत्राटे लहान-लहान झाली तशी तीही निसटली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चाकणला बजाजचा कारखाना आला, २००९ च्या आगेमागे फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्रा आले, आणि महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी या गावांत खोल्यांच्या रांगा उठल्या. एका खोलीत पाच-सहा जण, शिफ्टा वेगवेगळ्या, गॅस असला तर एकच शेगडी. अशा माणसाला रात्री साडेअकराला दुसरी शिफ्ट सुटल्यावर जेवण हवे असते, आणि ते हातात धरून खोलीवर नेता यायला हवे. त्याला पार्सलच परवडते. आधी रस्सा पातळ पिशवीत दोऱ्याने बांधून मिळे. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी आली, तीन महिन्यांनी दंड सुरू झाले, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये. पिशवीवर डोळा आला, तसा रस्सा जाड, झाकणाच्या डब्यात शिरला. ॲपवरून जेवण मागवण्याची सवय त्याच काळात वाढत होती, आणि २०२० च्या साथीत तर कॅंटीनवाल्यांनीही स्टीलची थाळी बाजूला ठेवून बंद डबे वाटले.

आता त्याच चाकणच्या एखाद्या मोठ्या कारखान्याच्या मालाच्या फाटकावर काय चालते ते पाहावे. पुरवठादाराच्या टेंपोतून सुटे भाग येतात ते निळ्या-पिवळ्या प्लास्टिकच्या क्रेटमधून, चाकांच्या लोखंडी ट्रॉल्यांतून. क्रेटच्या बाजूला रंगाने छापलेले कंपनीचे नाव, पुरवठादाराचा क्रमांक, आत कुठला भाग आणि किती नग. टेंपो रिकामा होतो आणि रिकाम्या क्रेटी भरून परत जातो. कागदावर त्या ‘रिटर्नेबल’ असतात. चलनावर आणि गेटपासवर हा शब्द फुशारकीने लिहिलेला नसतो. तो लिहिला की क्रेट परत येईपर्यंत ती कुणाच्या तरी नावावर बाकी दिसते, आणि हरवली तर पैसे कापले जातात. या क्रेटीही प्लास्टिकच्याच. म्हणजे प्लास्टिकचे भांडे शेकडो वेळा फिरवण्याची कला या पट्ट्याला अवगत आहे, रोजची आहे. क्रेट रोज परत करणारा कामगार त्याच संध्याकाळी पार्सलचा डबा नाल्याच्या कडेला टाकतो, यात विसंगती शोधू नये. क्रेटवर नाव आहे. पार्सलच्या डब्याच्या बुडाला बाणांचा एक त्रिकोण असतो आणि आत ५ हा आकडा. तो डबा कशाचा आहे ते सांगतो, पॉलिप्रॉपिलीनचा. कुणाचा आहे, ते डब्यावर कुठेच नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की जुना पुनर्वापर म्हणजे गरिबीचा संसार होता, लोकांनी तो आनंदाने सोडला आणि त्याचे गोडवे गाणे हा पोट भरलेल्यांचा छंद आहे. यात तथ्य आहे. डालड्याच्या डब्यात तुळस लावणारी बाई ते सौंदर्यदृष्टीने करत नव्हती. कुंडी घेण्यासारखे पैसे नव्हते. बोहारणीचे आयुष्यही हेवा करण्यासारखे नव्हते. पण कॅंटीनची थाळी आणि चाकणची क्रेट यांना हा आक्षेप लागत नाही. एक कायद्याने आली, दुसरी खर्चाच्या हिशेबातून, आणि दोन्ही ठिकाणी पैशांची टंचाई नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. आधी कशासाठी वापरले ते माहीत नसलेले भांडे पुन्हा वापरणे धोक्याचे असते, आणि याचा दाखला शोधायला लांब जावे लागत नाही. पट्ट्यातल्या कुठल्याही वस्तीत खोल्यांसमोर पाण्याने भरलेले निळे ड्रम उभे असतात. ते बहुतेक कारखान्यांतून रसायन घेऊन आलेले आणि भंगारवाल्याकडून दोनशे लिटरचा साठा म्हणून विकत घेतलेले. कुणी साबणाने धुतो, कुणी चार दिवस उन्हात ठेवतो, वास गेला की धुतला असे धरतो. हाही पुनर्वापरच, आणि तो वाईट आहे, कारण ड्रमचा मागचा इतिहास वाटेत पुसला गेला. जेवणाचा पातळ डबाही गरम तेल, खरवडणारी तारेची घासणी आणि पुन्हा गरम तेल अशा फेऱ्यांसाठी बनवलेला नाही. त्यात हळद, मीठ, खिळे, बटणे ठेवावीत. दुसऱ्याला जेवण वाढायला तो वापरू नये. मात्र या आक्षेपाने पुनर्वापर खोटा ठरत नाही. त्याने एवढेच ठरते की फिरवायचे भांडे फिरवण्यासाठीच बनवलेले आणि एका जबाबदार माणसाच्या ताब्यातले हवे.

पाण्याचे काय, असेही विचारतात. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी येते, आणि सहा जणांच्या खोलीत रात्री बारा वाजता भांडी घासायला सांगणे हा उपदेश ठरेल. इथे कॅंटीनचा अनुभव उपयोगी पडतो. शंभर थाळ्या एका मोरीवर किंवा यंत्रात धुतल्या तर पाणी घरोघर सुट्या घासण्यापेक्षा कमी लागते. मोठ्या गर्दीतही हे जमते. २०१५ च्या केरळमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत हरित आचारसंहिता लावून धुऊन वापरायच्या ताटल्या-पेल्यांवर जेवणे झाली, आणि पुढे केरळात लग्नांनाही ती पद्धत लावली गेली. धुणे एका जागी आणि धुणाऱ्याला मोबदला, एवढ्यावर ते उभे होते.

आता दानाकडे वळू. चमच्या-काट्यांच्या बाबतीत तर कायदाच आडवा येतो. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे चमचे, काटे, सुऱ्या, पेले, ताटल्या, स्ट्रॉ बंद आहेत, आणि नियमातली बंदी नुसत्या विक्रीवर नाही; साठवणे, वाटणे आणि वापरणे यांवरही आहे. खणातले शंभर चमचे मंडळाला देणारा माणूस आपल्या मनातली टोचणी आणि कायद्याचे जोखीम दोन्ही त्यांच्या हवाली करतो. घरात चुकून साठलेल्या चमच्यांसाठी कुणी दारात येणार नाही हे मला मान्य आहे. पण भंडारा चालवणाऱ्या संस्थेच्या कोठीत ते पोतेभर सापडले तर दंडाची पावती संस्थेच्या नावाने फाटते. आणि घेणाऱ्याला गरज तरी असते का? देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्काम करते तेव्हा अन्नदान करणारे हजारो ताटल्या मांडतात, पण पुष्कळ वारकऱ्यांच्या पडशीत स्वतःची ताटली आणि तांब्या असतोच. घरकाम करणाऱ्या बाईच्या घरीही रिकाम्या डब्यांचा तुटवडा नाही, कारण ती ज्या चार घरांत काम करते तिथून तिला हेच मिळालेले असते. महाळुंग्याच्या खोलीत जाऊन पाहिले तर साबणचुरा, मीठ, दाढीचे सामान सगळे बिर्याणीच्या डब्यांत. ज्याची चणचण कुणालाच नाही ते दिल्याने कचऱ्याचा पत्ता तेवढा बदलतो. खणातले चमचे मुळात येऊच नयेत यासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये झोमॅटोने केलेला बदल मला दानापेक्षा मोलाचा वाटतो: मागितल्याशिवाय चमचे पाठवायचे नाहीत.

मग भंगारात जाऊ द्यावे, नाहीतर मोशीला जाळावे? १ ऑगस्ट २०२३ रोजी मोशीच्या कचरा डेपोत कचऱ्यापासून वीज करणारा १४ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला, वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा त्यात जाईल असे तेव्हा सांगितले गेले. उकिरड्याला आग लागून धूर सोसण्यापेक्षा हे बरे, पण तिथे डबा एका क्षणाचे जळण होतो आणि उद्याच्या जेवणाला नवा डबा लागतोच. भंगाराचे म्हणावे तर पॉलिप्रॉपिलीनच्या स्वच्छ डब्याला भाव असतो. रश्श्याने माखलेल्याला तो पडतो किंवा मिळतच नाही. आणि भंगाराची साखळी किती नाजूक आहे हे फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसले. महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली भंगाराची गोदामे आणि पत्र्याच्या शेडा मोठ्या प्रमाणावर पाडल्या. बेकायदा बांधकामे, वारंवार लागणाऱ्या आगी, इंद्रायणीचे प्रदूषण ही कारणे खोटी नव्हती. पण शहराचे प्लास्टिक वेचून, निवडून, दळायला पाठवणारी इतकी मोठी पेठ उठली तेव्हा तिच्या जागी काय, हे कुणी आधी ठरवले नव्हते.

जर्मनीने १ जानेवारी २०२३ पासून मोठ्या हॉटेलांना सक्ती केली की घरी नेण्याच्या जेवणासाठी परत करता येणारा डबाही द्यायची तयारी ठेवा. बहुतेक गिऱ्हाइकांनी तरीही टाकायचाच डबा उचलला, कारण परत आणून देण्याची फेरी गिऱ्हाइकाच्या गळ्यात होती. आपल्याकडे ‘डबा लावणे’ ही रीत याहून शहाणी आहे. निगडी, चिंचवड, भोसरीच्या खानावळी आजही महिन्याच्या बोलीवर स्टीलचे डबे पोचवतात. एका गिऱ्हाइकामागे दोन डबे, आजचा भरलेला देताना पोऱ्या कालचा रिकामा घेऊन जातो. रोज गिऱ्हाईक बदलले की ही रीत मोडते, असे खानावळवाले म्हणतात आणि ते बरोबर आहे. ॲपवाल्यांना मात्र ही सबब शोभत नाही. त्यांच्याकडे माणसाचे नाव, मजला, फोन, पैसे कापायचे खाते आणि मागच्या वर्षभराची यादी आहे. डब्यामागे अनामत कापणे आणि पुढच्या खेपेला रिकामा घेतल्यावर परत जमा करणे त्यांना अवघड नाही. पोचवणाऱ्या मुलाला मात्र भरलेला डबा नेण्याचे पैसे मिळतात. रिकामा आणण्याचा दर कुणी ठरवलेलाच नाही.

सरकारने ठरवायला सुरुवात केली होती. २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्यांवर परतीची किंमत छापायची तरतूद होती, ती प्रत्यक्षात रुजली नाही. १६ फेब्रुवारी २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी कडक प्लास्टिकच्या वेष्टनांपैकी काही हिस्सा पुन्हा वापरण्याचे बंधन ब्रँडमालकांवर घातले, २०२५-२६ पासून लागू होणारे. पण ते बंधन ०.९ लिटर आणि त्याहून मोठ्या भांड्यांपासून सुरू होते. रश्श्याचा, भाताचा, चटणीचा नेहमीचा पार्सल डबा २५० ते ७५० मिलिलिटरचा असतो.